बाळ शांत झालं

नापास व्हायचं एक वय असतं. त्या वयात झालं की आई दोन धपाटे घालते, बाप दोन दिवस बोलत नाही आणि विषय मिटतो. डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाल्यावर नापास झालात, तर धपाटे कोणी घालत नाही. सगळे समजूत घालतात. त्यापेक्षा धपाटे परवडले, हे मी अनुभवाने सांगते.

मी मुलांच्या इस्पितळात तातडीच्या खोलीत सिस्टर आहे. कोणाचं पोर नाणं गिळून येतं, कोणाला झटके येत असतात, कोणी निळं पडलेलं असतं. उभी हयात त्या खोलीत गेली. तिथे मी कधी कोणाला घाबरले नाही, मोठ्या डॉक्टरांना तर नाहीच नाही. अशा मला मेट्रनबाईंनी बोलावून सांगितलं की नवीन नियम आलाय. मुलांच्या जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेऊन जो परीक्षा पास होईल तोच त्या खोलीत राहील. ज्याच्याकडे महिनाअखेर प्रमाणपत्र नसेल, त्याची बदली चादरींच्या कोठारात.

"बाई, मला? मला प्रमाणपत्र?"

"नियम म्हणजे नियम, सिस्टर."

आता, चादरीला झटके येत नाहीत आणि चादर निळी पडून येत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय खुर्ची मिळते. पण तिथे मी आठ दिवसांत वेडी झाले असते. म्हणून म्हटलं, ठीक आहे, एका दिवसाचं तर काम आहे. जाऊ, बाहुलीची छाती दाबू, कागद घेऊन येऊ.

शिकवायला एक तरुण डॉक्टर होता. तासाभरात आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं नाव 'परतबोल' ठेवलं. कारण त्याचा एकच घोष: ऐकलेलं परत बोला! लीडर म्हणाला "ऑक्सिजन लावा," की "बरं" म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही. "ऑक्सिजन लावतोय" असं मोठ्याने म्हणायचं, आणि लावल्यावर "ऑक्सिजन लावला" असं परत ओरडायचं. म्हणजे गडबडीत कोण काय करतंय ते सगळ्यांना कळतं. नियम सोन्यासारखा आहे, हे आज मी कबूल करते. त्या दिवशी मला ती शुद्ध पोपटपंची वाटली. आमच्या खोलीत मी नुसती भुवई उचलली तरी सलाईन लागतं.

परीक्षेला माझ्या जोडीला कोण आले, तर दातांचे डॉक्टर. मुलांचे दात काढतात म्हणून प्रमाणपत्र त्यांनाही हवं होतं. बिचारे बाहुलीकडे बघूनच घामाघूम झाले होते. "सिस्टर, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे," ते म्हणाले. "तुम्ही जे म्हणाल ते मी डोळे झाकून करणार." तिथेच आमचं दोघांचं वाटोळं झालं.

परतबोल म्हणाला, "सहा महिन्यांचं बाळ. आईने उचलून आणलंय. करा सुरू."

लीडर मी. बाळाला हाक मारली, तळपाय चोळला, मान सरळ केली, श्वास बघितला. काही नाही. मास्क लावून श्वास दिले, छाती छान वर आली. दंडाला नाडी बघितली. तीही नाही. आता एवढंच मोठ्याने सांगायचं होतं, म्हणजे दातांचे डॉक्टर छाती दाबायला लागले असते. आणि मी सांगितलं,

"बाळ शांत झालं."

"बाळ शांत झालं!" दातांचे डॉक्टर नियमाप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाले. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, हात मागे घेतले आणि बाहुलीच्या अंगावर हलकेच दुपटं घातलं. वर म्हणाले, "दुपटं घातलं!"

परतबोलने घड्याळ बंद केलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं बोलले? आमच्या खोलीत कोपऱ्यात आई उभी असते. पायात चप्पल नाही, केस सुटलेले, डोळे आमच्या तोंडाकडे. तिच्यासमोर 'श्वास नाही, नाडी नाही' असं ओरडायला माझी जीभ कधी रेटलीच नाही. आम्ही आपलं म्हणतो, जरा शांत झालंय, जरा दमलंय, बघतोय आम्ही. माझ्या हाताखालच्या पोरींना त्याचा बरोबर अर्थ कळतो. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मात्र मुलं फक्त किंचाळतात, त्यामुळे शांत झालेलं मूल ही त्यांच्या दृष्टीने आनंदाचीच बातमी.

निकाल आला. हात: उत्तम. श्वास देणे: उत्तम. संवाद: अपुरा. दोघेही अनुत्तीर्ण.

संवाद अपुरा! माझा! मी तो निकाल घरी मोठ्याने वाचला आणि आमचे हे जे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत हसले. पाठीत पाच धपके मीच घातले, आणि ते नक्की ठसक्यासाठीच होते असं नाही. "तीस वर्षं मी ज्याची वाट बघतोय," हे म्हणाले, "ते त्यांना एका दिवसात कसं काय मिळालं?"

सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, पण त्यांचं बाजूने असणं विरुद्ध असण्यापेक्षा महाग पडतं. "अगं, अभद्र बोलली नाहीस ते बरंच केलंस. म्हणे नाडी नाही! शुभ बोल रे नाऱ्या! घाल चुलीत ते प्रमाणपत्र. कोठारात काय वाईट आहे? आपल्याला दोन जुन्या चादरी तरी मिळतील."

मी मात्र ठरवलं, पुन्हा बसायचं आणि पास व्हायचं. त्यासाठी स्पष्ट बोलायची सवय हवी, म्हणून सुरुवात घरातून केली. सकाळी कामावर निघताना "येते" म्हणायचं सोडून "जाते" म्हटलं. कारण खरं तर मी जात होते. सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि मला परत आत बोलावून, खुर्चीवर बसवून, पाणी पाजून, "येते" म्हणायला लावून मगच सोडलं. त्या दिवशी बस चुकली. यांना मी परत बोलायला शिकवलं. "दूध आणा," म्हटलं की "दूध आणतोय!" असं खणखणीत उत्तर यायचं, आणि हे पेपर वाचत तिथेच बसून असायचे. परत बोलायची सवय यांना ताबडतोब लागली, दूध आणायची काही लागली नाही.

पुन्हा परीक्षेला बसायचं तर संगणकावर अर्ज. त्यात एक चौकट होती: 'अनुत्तीर्ण होण्याचे कारण'. मी सरळमार्गी बाई. लिहिलं, 'बाळ शांत झालं असं म्हटल्यामुळे जोडीदाराचा गैरसमज झाला.' पण ती चौकट म्हणजे आगपेटीएवढी. तिने माझे पहिले तीनच शब्द ठेवले आणि बाकीचं गिळून टाकलं. आस्थापना विभागाच्या कारकुनाला दिसलं ते एवढंच: सिस्टरचं नाव, आणि पुढे, 'बाळ शांत झालं.'

कारकून भला माणूस. त्याचे डोळे भरून आले म्हणे. त्याने कोणालाही न विचारता माझी दुखवट्याची रजा मंजूर करून टाकली आणि तशी सूचना फलकावर लावली. हे सगळं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. आमच्या शेजारच्या मास्तरांची सून आमच्याच इस्पितळात हिशेब खात्यात आहे. तिने फलक वाचला आणि सासऱ्यांना फोन केला.

संध्याकाळी दार वाजलं. मास्तर आणि मास्तरीणबाई. मास्तर मराठी शिकवून निवृत्त झालेत, एरवी दारातूनच कोणाची तरी शुद्धलेखनाची चूक सांगत येतात. आज दोघे न बोलता आत आले आणि न बोलता बसले.

"झालं ते फार वाईट झालं," मास्तर म्हणाले.

मी मनात म्हटलं, फुटली बातमी! नापास झाल्याचं आता सगळ्या गल्लीला कळलं. पण चेहरा पाडायचा नाही.

"आता काय करणार? नशीब," मी म्हटलं.

"आम्हाला काही कळूच दिलं नाहीत."

"अहो, सगळं नीट पार पडलं असतं तर सांगितलंच असतं. आधीपासून गाजावाजा कशाला?"

मास्तरीणबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मला जरा जास्तच वाटलं, पण बाई हळव्या आहेत.

"शेवटी तुमच्याच हातात होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्याच हातात. पाच मिनिटांत आटोपलं सगळं. आणि खरं सांगू? चूक त्या दातांच्या डॉक्टरांची."

"दातांच्या डॉक्टरांकडे नेलंत?" मास्तर ताडकन म्हणाले.

"नेलं कुठे, तेच आले होते. जाऊ दे. मी काही रडत बसणाऱ्यातली नाही. पुन्हा प्रयत्न करणार."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "या वयात?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

मग मात्र माझं डोकं तापलं. "का? वयाचा काय संबंध? माझ्याहून मोठ्या बायका करतात. मेट्रनबाईंची सही मिळाली की याच महिन्यात उरकून टाकणार!"

"आणि... ह्यांचं काय म्हणणं आहे?"

"ह्यांना कशाला विचारायचं? ह्यांचा यात काही संबंधच नाही."

तेवढ्यात आमचे हे चहाचे कप घेऊन, शीळ घालत बाहेर आले. मास्तर उठले, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं मन फार मोठं आहे हो." हे बिचारे म्हणाले, "छे छे, नुसता चहाच तर केलाय."

सगळा उलगडा व्हायला तासभर लागला. त्यातला अर्धा तास सासूबाई "कोणाचं बाळ? कोणाचं बाळ?" म्हणून घरभर फिरत होत्या. मास्तरांनी स्वतःची चूक शेवटपर्यंत मान्य केली नाही. उलट आम्हालाच व्याख्यान. "मराठी माणूस वाईट बोलतच नाही. आपली बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा आपण बंद करत नाही, वाढवतो. वहिनी, 'शांत' या शब्दाचे अर्थ तीन. रडायचं थांबलं, झोपलं, आणि..." "कळलं!" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी आस्थापना विभागात. कारकून मला बघून उभाच राहिला. मी म्हटलं, "माझ्या घरी कोणी गेलेलं नाही. रजा रद्द करा." तो म्हणाला, "रजा मंजूर झाली, आणि रजेवरच्या माणसाला परीक्षेला बसता येत नाही, म्हणून तुमचं नाव यादीतून काढलंय." पुढची परीक्षा कधी? तर महिनाअखेर उलटून गेल्यावर. म्हणजे चादरी!

मी म्हटलं, "अहो, ते बाळ रबराचं होतं!"

"असेल, सिस्टर. पण नोंदीत नुसतं बाळ आहे. रजा रद्द करायची तर बाळ सुखरूप असल्याचा दाखला लागेल."

"रबराच्या बाळाचा?"

"सहीशिक्क्यानिशी."

पाय आपटत परतबोलकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघितलं, आणि मग लिहून दिलं: 'सदर बाळ रबरी असून सुस्थितीत आहे.' सही, शिक्का. कारकुनाने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "चला, देवाची कृपा!" तो मनापासून बोलला, म्हणून मी गप्प बसले.

परीक्षेच्या दिवशी दातांचे डॉक्टर माझ्याआधी हजर. माझ्यामुळे तेही नापास झालेले, त्यामुळे माझ्याशी बोलणं तुटक. "सिस्टर, एकच विनंती. बाळाला काय झालंय ते मला लहान मुलाला सांगतात तसं सांगा. तेसुद्धा जरा ढ मुलाला."

परतबोलने या वेळी एक नवीनच खोडी काढली. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना बाहुलीच्या बाजूला उभं केलं. "या बाळाची आई. आई खोलीतच आहे. करा सुरू."

हाक मारली. तळपाय चोळला. मान सरळ, श्वास दिले, नाडी बघितली. बोलायची वेळ आली आणि मी त्या बाईंकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. नाटकच करत होत्या, मला माहीत होतं. तरी माझी जीभ टाळ्याला चिकटली. 'जरा शांत...' इथपर्यंत शब्द आले होते, देवाशप्पथ. मग समोर दातांच्या डॉक्टरांचे ते दोन हात दिसले, माझ्या एका शब्दाची वाट बघत थांबलेले. मी 'शांत' म्हटलं असतं तर ते परत मागे गेले असते. हात मागे गेले की बाळ गेलं. मग ते रबराचं असो नाहीतर हाडामांसाचं. इतकी वर्षं माझ्या पोरींना माझी भुवई कळत होती म्हणून निभावलं. ज्या दिवशी खोलीत कोणी नवखं असेल त्या दिवशी काय, या विचाराने मला घाम फुटला.

"श्वास नाही!" मी ओरडले. "नाडी नाही! छाती दाबा, पंधरा दाब, दोन श्वास!"

"छाती दाबतोय! पंधरा दाब, दोन श्वास!" दातांचे डॉक्टर गरजले. शेजारच्या हॉलमधली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं माझ्या बाळाला?" त्या बाई म्हणाल्या.

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, किंवा असेल तर मी ते पान वाचलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, तुमच्या बाळाचं हृदय थांबलंय. हे डॉक्टर ते हातांनी चालवतायत. आम्ही सोडलेलं नाही. तुम्ही इकडे या, माझ्या बाजूला, त्याचा पाय धरा आणि त्याच्याशी बोला."

त्या आल्या. पाय धरला. आणि खरंच रडायला लागल्या हो! परतबोलने त्यांना एवढं करायला सांगितलं नव्हतं. मलाही रडू येत होतं, पण मला मोजायचं होतं.

पास झालो. दोघेही. दातांच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझा हात धरून "पास झालो! पास झालो!" असं दोनदा म्हटलं, एकदा माझ्यासाठी, एकदा नियमासाठी. माझ्या कागदावर लिहिलं होतं, संवाद: आदर्श. तो कागद मी घरी यांच्या पेपरवर आणून ठेवला आणि काही बोलले नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तिसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी बोलावलं. टेबलावर माझं प्रमाणपत्र, बाईंचा चेहरा फुललेला. म्हणाल्या, "सिस्टर, संवाद आदर्श असा शेरा आपल्या इस्पितळात दुसऱ्या कोणालाच नाही. मी तुमची बदली प्रशिक्षण विभागात करतेय. सोमवारपासून तुम्ही शिकवायचं. त्या धावपळीच्या खोलीतून तुम्ही कायमच्या सुटलात!"

म्हणजे नापास झाले असते तरी खोली जात होती, आणि पास झाले म्हणूनही खोली जात होती. कपाळावर हात मारायचा तर हात तरी किती वेळा मारणार!

इतकी वर्षं बाईंनी काहीही सांगितलं की मी म्हणत आले, "बघते, बाई." माझ्या मनात त्याचा अर्थ 'नाही' असायचा. बाई त्याचा अर्थ 'हो' असा घ्यायच्या, आणि माझ्या रविवारच्या सगळ्या सुट्ट्या अशाच गेल्या. आत्ताही 'ब' ओठावर आला होता. तो गिळला.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे, विचार करून सांगता?"

"नाही, बाई. विचार झालाय. मी खोली सोडणार नाही."

"सिस्टर, तुमचा गैरसमज होतोय, ही बढती आहे..."

"बाई, रागावू नका. मी आत्ता काय म्हटलं ते एकदा परत म्हणा."

बाईंनी चष्मा काढला. मेट्रनच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला असं कोणी सांगत नाही. पण मी हलले नाही. बाहेर खोलीत कोणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं. तो आवाज आम्ही दोघींनी ऐकला. बाईसुद्धा एके काळी त्याच खोलीत सिस्टर होत्या.

"तुम्ही," बाई सावकाश म्हणाल्या, "खोली सोडणार नाही."

"झालं," मी म्हटलं, आणि त्या रडणाऱ्या पोराकडे धावले.